कुंकवावर पिळलेलं लिंबू

चैत्र लागला की माझे दात आंबतात. त्यासाठी कैरी खावी लागत नाही. तळेगावच्या बाजारात पहिली पाटी उतरली आणि तो हिरवा, चिकाचा वास नाकात शिरला की जिभेच्या कडांना पाणी सुटतं आणि पाठोपाठ राग येतो. दोन्ही एकाच जागेवरून येत असावेत. इतरांना या महिन्यात पालवी दिसते, कोकिळा ऐकू येतात, आणि मासिकांतून त्यावर दर वर्षी कुणी ना कुणी लिहीतच असतं. मी रागाबद्दल लिहिणार आहे. ज्यांना पालवी हवी असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी लोणावळ्याच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. राहते तळेगावला, थोरल्या बहिणीबरोबर, आणि रोज गाडीनं जाऊन येऊन करते. लोणावळ्याची हवा काय छान, असं म्हणून लोक माझ्या नोकरीचं कौतुक करतात. पुण्यात नोकरी मिळत होती. लोणावळ्याची घेतली ती हवेसाठी नाही. त्या गावात एक बाई राहते, आणि तिच्या घरातली एखादी मुलगी कधी ना कधी माझ्या वर्गात येऊन बसेल, एवढ्यासाठी घेतली. सहा वर्षं मी कामशेत, मळवलीची स्टेशनं मागं टाकत त्या एका मुलीची वाट बघितली.

ती बाई म्हणजे माझ्या ताईची सासू. सगळी आळी त्यांना माई म्हणायची, आम्हीही म्हणायचो. त्यांचं कुंकू प्रसिद्ध होतं. लोणावळ्यात कुणाकडे हळदीकुंकू असलं की माईंच्या घरून करंडाभर कुंकू जायचं, आणि बायका एकमेकींच्या कपाळाकडे बघून म्हणायच्या, "रंग बघा, माईंचाच!" लिंबाच्या रसात मुरवलेलं, सात दिवस सावलीत वाळवलेलं, असं माई सांगत. ताई त्या घरात गेली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि त्या कुंकवाचा आम्हाला केवढा अभिमान! आईनं तर लग्नात सगळ्यांना सांगितलं होतं, की माझी लेक कुंकवाच्या घरी पडली.

दोन वर्षांनी माघात ती परत आली. मेहुणे तिला दारात सोडून पुढच्याच गाडीनं गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. ताईनं पदर कपाळावर ओढला होता. आईनं तो सरकवला तेव्हा भुवयांच्या मधोमध, कुंकवाच्या जागी, चिंचोक्याएवढा पांढरा डाग दिसला. माईंनी चिठ्ठी लिहवून दिली होती, दोनच ओळींची. मुलीला कोड आहे, आमच्या घरात लहान मुलं आहेत, तुमच्याकडेच ठेवावी. वडील ती चिठ्ठी हातात धरून बराच वेळ ओसरीवर बसले. मग उठले आणि स्टेशनवर कामाला निघून गेले.

कोड या शब्दाची तेव्हा काय दहशत होती, हे आजच्या मुलींना सांगून कळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायका पाण्याचा पेला घ्यायच्या, पण ओठाला लावायच्या नाहीत. माझ्या लग्नाची बोलणी कुठं सुरू व्हायची होती ती झालीच नाहीत, त्याचं मला काही वाटलं नाही. पण ताईनं आपलं ताट, वाटी, तांब्या आपल्या हातानं वेगळा काढला, ते मी बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला. त्या दिवसापासून मला माईंचं काहीतरी करायचं होतं. काय ते माहीत नव्हतं.

ते माझ्या मॅट्रिकचं वर्ष. शाळेत आम्ही तिघीच मुली, पहिल्या बाकावर, आणि मागं सगळा मुलांचा बाजार. शास्त्राचे मास्तर इंग्रजी पुस्तक हातात धरून मराठीत शिकवायचे. त्यांच्या कोटाच्या बाहीला आम्लानं पडलेली भोकं होती आणि ती ते दाखवायचेसुद्धा, लढाईतल्या जखमा दाखवाव्यात तशी. "आम्ल कसं ओळखाल? जिभेला आंबट. अल्क कसं ओळखाल? बोटांना बुळबुळीत. पण चाखायला आणि चोळायला जाऊ नका, जीभ आणि बोटं पुन्हा मिळत नाहीत." मग लिटमसचा निळा कागद लिंबाच्या रसात बुडवून लाल करायचे, तांबडा कागद चुन्याच्या निवळीत बुडवून निळा करायचे. एवढासा कागदाचा कपटा, पण तो खोटं बोलत नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं. आमच्या घरात त्या दिवसांत खरं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

हे सगळं मी आधीच बघितलेलं आहे, हेही तेव्हाच लक्षात आलं. चिंचेनं तांब्याची घागर लखलखते ती चिंच आंबट म्हणून. राखेनं भांडी घासताना हात बुळबुळीत होतात ते राखेतल्या अल्कामुळे. पापडाच्या पिठात खार जास्त पडला की आई जिभेला लावून थू करायची, आणि पिवळ्या लुगड्यावर साबण लागला की तिथं लालभडक डाग उठायचा. तो डाग बघून मी लहानपणी रडले होते, लुगड्याला लागलं म्हणून. रसायन शिकायला प्रयोगशाळा लागते असं नाही. आमच्या चुलीपासून न्हाणीपर्यंतच्या दहा पावलांत सगळं होतं, नुसतं कुणी नाव घेत नव्हतं.

डागाचं नाव पहिल्यांदा घेतलं ते सोनामावशीनं. ही कान्हे गावची. उन्हाळ्यात कैऱ्या आणि मागून करवंदं घेऊन आमच्या दारी यायची. फाल्गुनाच्या अखेरीला पहिली पाटी घेऊन आली तेव्हा ताई अंगणात डाळ निवडत होती. मावशीनं पाटी उतरवली, ताईच्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं आणि डोळे बारीक करून बघितलं. तोवर ताईला महिनाभर कुणी हात लावला नव्हता.

"ह्ये कोड कोन म्हन्लं?"

"सासू," मी म्हणाले.

"कोड न्हाई ह्ये. कोड पसरतं. ह्यो चुन्याचा चटका हाय. माजा दीर चुन्याच्या भट्टीवर कामाला व्हता, त्येच्या पावलावर असलाच पडलता. लय वर्सं झाली, हाय तेवढाच हाय." मग ताईकडं वळून म्हणाली, "तुज्या कपाळाला चुना कुटनं लागला गं बाई?"

ताईनं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हळूहळू सांगितलं. सात दिवस, सावली, लिंबू हे सगळं बाहेर सांगायचं. घरात हळद दळायची, तिच्यात चुना कालवायचा, की घटकेत लाल. पण तो रंग वाळला की उतरतो, म्हणून आणखी चुना. रंग कपाळावर कसा बसतो ते बघायला नवं कुंकू आधी सुनेला लावायचं. दिवसभर ठेवायचं. फिकं दिसलं तर पुन्हा चुना, पुन्हा सून. "आग व्हायची," ताई म्हणाली. "मी म्हटलं होतं त्यांना. त्या म्हणाल्या, कुंकू कुणाला झोंबतं का कधी?"

आईनं हे ऐकून तोंडावर पदर घेतला. वडिलांनी माईंना पत्र लिहिलं, फार जपून, कोर्टात अर्ज करावा तसं. उत्तर आलं, की आमच्या कुंकवाला नावं ठेवणाऱ्यांशी आम्हाला संबंध ठेवायचा नाही. एक डॉक्टरही ताईला बघून म्हणाले होते की भाजल्यासारखं दिसतं, पण ते तोंडी. आणि तळेगावच्या डॉक्टरचं तोंडी बोलणं लोणावळ्याच्या सासूपर्यंत कसं पोचणार? मला वाटलं, पोचवता येईल. हळदीचा कागद आम्ही वर्गात केला होता. हळद चुन्यानं लाल होते आणि आम्लानं पुन्हा पिवळी, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे माईंचं कुंकू मी जगासमोर पिवळं करू शकत होते. परीक्षेच्या आधी सगळी मुलं पुस्तकं घोकत होती तेव्हा मी हा एकच प्रयोग घोकत होते. घरी हळद आणि चुना कालवून वाळवला, दळला, त्यावर लिंबू पिळलं. दहा वेळा केलं. दहाही वेळा पिवळं.

मला आजही आठवतं, त्या दिवसांत मी फार आनंदात होते. कुणाचं वाईट करायचं ठरवलं की माणसाला इतकी छान भूक लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भूगोलाचा पेपर चांगला गेला, गणिताचा त्याहून चांगला.

चैत्रात माईंकडे गौरीचं हळदीकुंकू असे. रीत म्हणून आईला बोलावणं आलं. ताईला नव्हतं. आईनं तरी तिला बरोबर घेतलं. सगळ्या बायकांसमोर विहीणबाई काही बोलणार नाहीत, कदाचित मन द्रवेल, कदाचित ठेवूनच घेतील, अशी वेडी आशा. गाडीत आई ताईचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती. मला सांगून ठेवलं होतं, की तोंड उघडायचं नाही. मी मान डोलावली. माझ्या रुमालात अर्धं कापलेलं लिंबू होतं आणि रुमाल ओला होऊन मांडीला गार लागत होता.

माईंचं घर मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. माजघरात गौर झोपाळ्यात बसवली होती, समोर कलिंगडाची कमळं, भिजवलेले हरभरे, आंब्याच्या डाळीचं पातेलं. कैरीचा आणि अत्तराचा एकत्र वास कोंडला होता. पंचवीसेक बायका असतील. ताईला माईंनी आत येऊ दिलं नाही. उंबऱ्याजवळ चटई टाकली आणि "तिथं वारा लागतो गं" असं गोड आवाजात सांगितलं. माईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा मी त्यांची बोटं जवळून बघितली. अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांना पांढरे डाग होते. अगदी तेच. ते पंचवीस बायकांना रोज दिसत असणार. पण सासूच्या बोटांना कोड म्हणायची कुणाची छाती होते?

मग मला राहवलं नाही. कपाळाची आगही व्हायला लागली होती, की ती माझी समजूत होती कोण जाणे. गौरीपुढं तबकात मोठा करंडा उघडा होता, वर शिगेपर्यंत कुंकू. मी उठले, रुमालातून लिंबू काढलं आणि त्यावर पिळलं.

बारीक फेस आला. चर्र असा अगदी हलका आवाज झाला, आणि लाल ढिगाच्या मधोमध पिवळं भोक पडून ते चहूकडे पसरत गेलं.

मला वाटलं होतं बायका म्हणतील, अरे, हे तर चुन्याचं! कुणीतरी किंचाळलं, "अगंबाई, कुंकवाची हळद झाली!" आणि पंचवीस हात पंचवीस मंगळसूत्रांकडे गेले. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, "ती दारात बसली आहे म्हणून." सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडे वळल्या. मी ओरडत होते, "चुना आहे त्यात! हळद आणि चुना! आम्लानं पिवळं होतं ते, कुणाचंही होईल!" पण आम्ल हा शब्द त्या माजघरात कुणाला माहीत होता? आईनं माझ्या तोंडात मारली. ताई उठून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती, नुसती शरम होती, जणू काही खरंच तिनंच केलं होतं.

आणि माई? त्या ओरडल्या नाहीत. ताईकडे बघितलंसुद्धा नाही. त्या करंड्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पुढं होऊन करंड्यावर आपला पदर टाकला. तेव्हा मला वाटलं, अपशकुन झाकला.

महिन्याच्या आत मेहुण्यांचं दुसरं लग्न ठरलं. आधी निदान कोडाचं औषध करू, बघू, असं कुणी कुणी म्हणत होतं. आता ती कुंकवाच्या मुळावर उठलेली झाली. हे मी केलं. रिझल्ट लागला तेव्हा मला शास्त्रात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते, आणि मास्तर पेढे मागायला घरी आले होते. ताईनंच त्यांना पाणी नेऊन दिलं. मास्तर ते प्यायले. त्या वर्षी आमच्या घरी पाणी प्यायलेले ते पहिले.

पुढं मी पुण्याला शिकले. तिथं ब्युरेट बघितली. आम्लात थेंब थेंब अल्क सोडायचं, शंकुपात्र हलवत राहायचं, आणि रंग बदलतो त्या क्षणी तोटी बंद करायची. एक थेंब जास्त पडला की सगळं वाया. ओतून देऊन पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच दिवशी मला कळलं की त्या माजघरात माझं काय चुकलं. प्रयोग बरोबर होता. मी आधी सांगायला हवं होतं, मग पिळायला. पण तिथं ओतून देऊन पुन्हा करता येण्यासारखं काही नव्हतं. मुलींना मी शिकवते की आम्ल आणि अल्क बेताबेतानं एकत्र आले तर दोघांचाही जहरीपणा जातो आणि उरतं नुसतं मीठ आणि पाणी. इथं एखादा कवी अश्रूंवर काहीतरी बोलला असता. मी शास्त्र शिकवते. आणि माझ्या बाबतीत तसं काही उरलेलंही नाही; माझं आम्ल आहे तेवढंच आहे, बाटलीत, बूच घट्ट लावून.

घरी आम्ही दोघीच राहिलो. आई गेली, मग वडील. ताई अजून कुंकू लावते. लावायलाच हवं, तिचा नवरा जिवंत आहे. डाग झाकेल एवढंच लावते. ते कुंकू मी करून देते, खऱ्या रीतीनं. हळकुंडं लिंबाच्या रसात, त्यात टाकणखार आणि थोडी तुरटी, आणि सावलीत सात दिवस. हा रंग निराळ्या जातीचा. लिंबानंच झालेला असतो, म्हणून लिंबानं जात नाही. ताईचा डाग वाढला नाही. चौदा वर्षं चिंचोक्याएवढाच आहे. सोनामावशी आता थकली, सून पाटी घेऊन येते, पण दर वर्षी निरोप पाठवते, "पसरला का इचार. न्हाई पसरायचा."

माझ्या शाळेत आम्ल आणि अल्काचा धडा मी चैत्रातच ठेवते, पुस्तकात कुठंही असो. मुलींना घरून चिमूटभर कुंकू पुडीत बांधून आणायला सांगते. आधी अर्धा तास समजावते, फळ्यावर लिहिते, प्रत्येकीकडून म्हणवून घेते, की हे पिवळं होणं म्हणजे अपशकुन नव्हे, हा चुन्याचा गुण आहे. मगच लिंबू कापते. काहींचं पिवळं होतं, त्या खुसूखुसू हसतात. काहींचं लाल राहतं. मी सगळ्यांना सारखीच शाबासकी देते आणि मनातल्या मनात पुड्यांवरची नावं वाचत असते.

या वर्षी ते नाव आलं. शांता, इयत्ता सहावी. माईंची नात, म्हणजे मेहुण्यांच्या दुसऱ्या बायकोची मुलगी. बापाचे कान, आणि अक्षर फार सुरेख. मी तिला जूनपासून बघत होते, तिनं मला ओळखायचं कारणच नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्या मुलींच्या पुड्या आधी केल्या आणि तिची शेवटी ठेवली. पुडी उघडली, बशीत ओतली, लिंबू पिळलं.

लालच राहिलं.

मी आणखी पिळलं. अख्खं लिंबू संपवलं. मग सोड्याचं पाणी घातलं, तेव्हा ते काळपट हिरवं झालं, टाकणखाराचं होतं तसं. म्हणजे शंकाच नव्हती. वर्गातल्या मुली माना उंच करून बघत होत्या. शांता आनंदानं म्हणाली, "बाई, आमच्या आजीचं कुंकू खरं आहे ना?"

"खरं आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? चौदा वर्षं मी ज्या पिवळ्या डागाची वाट बघितली तो आलाच नाही. मग शिक्षिकेच्या सवयीनं मी विचारलं, "कसं करते आजी?"

"लिंबाच्या रसात, टाकणखार घालून. सात दिवस सावलीत. आणि बाई, कुणाला द्यायच्या आधी आजी ते स्वतःच्या मनगटाला लावून दिवसभर ठेवते. आई म्हणते, आईचं लग्न झालं त्या वर्षापासून आजीचा हा नेमच आहे. आईला तर ती लावून बघूच देत नाही."

मी बशी धुवायला नळाशी गेले. धुतली, पुन्हा धुतली. तो पदर मला आत्ता कळला. माईंनी अपशकुन झाकला नव्हता. पंचवीस बायकांत एकटीला कळलं होतं, की पोरगी खरं बोलते आहे. त्यांनी तो धडा नीट शिकून घेतला, रीत बदलली, दुसऱ्या सुनेचं कपाळ वाचवलं. फक्त पहिलीला सांगितलं नाही.

शांतानंच आमंत्रण दिलं. "बाई, शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे, याल?" मी गेले. तेच माजघर, तोच झोपाळा, आणि कैरीचा वास असा अंगावर आला की माझे दात आंबले. माई म्हाताऱ्या झाल्या आहेत. पाठ वाकली, पण कुंकू अजून त्याच लावतात. माझ्यासमोर आल्या, करंड्यात बोट बुडवलं, टोकं पांढरीच होती. म्हणाल्या, "शांतीच्या बाई ना तुम्ही? फार नाव काढते ती तुमचं."

"माई," मी हळूच म्हणाले, "मनगटावर लावून बघितलंत ना आधी?"

बोट हवेतच राहिलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, डोळे, नाक, मग पुन्हा डोळे. आजूबाजूला बायका बोलत होत्या, वाट्या वाजत होत्या.

"तू लिंबाची," त्या म्हणाल्या.

"हो."

मग इतक्या हळू, की मला वाकावं लागलं, त्यांनी विचारलं, "वाढलं का गं तिचं?"

"नाही. चौदा वर्षं तेवढंच आहे. चुन्याचं वाढत नसतं, तुम्हाला माहीत आहे."

त्यांची मान हलली. हो म्हणाल्या की नुसती हलली, सांगता येत नाही. बोट पुन्हा पुढं आलं तेव्हा मी म्हणाले, "राहू द्या." आणि कोरं कपाळ घेऊन उठले. स्टेशनपर्यंत मी जवळजवळ पळतच गेले. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

घरी ताई कैरी किसत होती. मी चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगितलं, वर्गातल्या बशीपासून हवेत थांबलेल्या बोटापर्यंत, मीठमसाला न घालता, कारण घालायची गरजच नव्हती. मला वाटलं ती हसेल. निदान रडेल. ती किसणी थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं."

"त्याच दिवशी."

"मग एक कार्ड टाकायचं होतं गं," ताई म्हणाली. "बोलवायचं नव्हतं तर नव्हतं. कोड नाही, एवढं लिहायचं होतं. मी ताट वेगळं काढलं नसतं." आणि पुन्हा किसायला लागली.

ते ताट अजून वेगळं आहे. फडताळात खालच्या फळीवर असतं. मी किती वेळा ते इतर भांड्यांत मिसळून ठेवलं, ती पुन्हा काढून ठेवते. शुक्रवारी गाडीत मला जे गोड लागत होतं ते त्या संध्याकाळी पार आंबून गेलं. माईंचं बोट थांबवून मी माझं समाधान करून घेतलं होतं. ताईचं कार्ड यायचं ते राहिलंच होतं.

म्हणून हे लिहिलं आणि या मासिकाकडे पाठवते आहे. माईंचं नाव बदललेलं नाही, शांताचंही नाही. त्या पोरीवर माझा काही राग नाही, गुणी आहे, पुढं शास्त्र घेईल. तिच्यासाठी दोन दिवस मी हे कागद पेटीत ठेवलेही होते. मग ताईनं जेवायला आपलं ताट घेतलं आणि मी कागद बाहेर काढले. लोणावळ्याच्या वाचनालयात हे मासिक येतं. माईंना वाचता येत नाही. दुपारच्या वेळी शांता त्यांच्याजवळ बसून मासिकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवते, असं तिनंच मला सांगितलं आहे.